चार दिवस उशिरा या

नाशिकला यायचं तर भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या लाल तारखा बघून तिकीट काढू नये. मुंबई-पुण्याचे पाहुणे नेमकं तेच करतात. धुळवड शुक्रवारी आली, पुढे शनिवार-रविवार जोडून मिळाला, की ‘यंदा होळीला तुमच्याकडे’ असा निरोप येतो. मग जुने पांढरे कपडे घालून तो गृहस्थ रविवार कारंजावर जाऊन उभा राहतो आणि गल्लीतली चार पोरं सोडली तर रंगाचं कुणालाच काही पडलेलं नसतं. नाशिकचा रंग चार दिवसांनी, रंगपंचमीला. तोवर पाहुण्याची रजा संपलेली.

धुळवडीला इथे वीर असतात. घराण्यात वीर म्हणून पुजलेल्या पूर्वजांचे टाक, म्हणजे पत्र्यावर ठोकलेल्या छोट्या प्रतिमा, लाल कापडात, नारळाबरोबर बांधून घरातला एकजण हातात घेतो आणि वाजतगाजत गंगेवर जातो. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. तिथे टाकांना आंघोळ, धगधगत्या होळीला फेऱ्या आणि परत घरी. पोरासोरांना राम, कृष्ण, शिवाजी महाराज करून सोबत घेतलेलं असतं. त्यांच्या मिशा घाटावर पोचेपर्यंत गालावर आलेल्या असतात. मोठा मान दाजीबा वीराचा, म्हणजे बाशिंगे वीराचा. डोक्याला बाशिंग, अंगाला हळद. दारोदारी औक्षण होत जातं, त्यामुळे मिरवणूक पुढे सरकतच नाही आणि कुणाला त्याची घाईही नसते. लग्न जमत नसलेली मंडळी इथे नवस बोलतात. रंग नाही म्हणून हिरमुसून हॉटेलात परतलेल्या पाहुण्याने एवढं बघितलं असतं तरी भाडं वसूल होतं.

पण खरी गंमत पंचमीची. जुन्या नाशकात आणि पंचवटीत पेशवाईपासूनच्या रहाडी आहेत. रहाड म्हणजे भर चौकात, जमिनीखाली दगडात बांधलेला चौकोनी हौद. वर्षभर तो लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेला असतो. वरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या लागतात, आणि नव्या माणसाला आपण कशावर उभे आहोत याचा पत्ता नसतो. पंचमी जवळ आली की चौक उकरतात, ओंडके काढतात, गाळ उपसून हौद धुतात. मोठ्या कढयांत फुलांचा रंग उकळून तो पाण्यात सोडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला: शनी चौकात गुलाबी, तिवंधा चौकात पिवळा, दिल्ली दरवाजाला केशरी. कानशिलाच्या रंगावरून माणूस कुठे उडी मारून आला ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळतं. दोन रहाडी करून आलेल्याचं मात्र काही सांगता येत नाही.

दुपारनंतर पूजा होते, मान असलेल्या घरातला माणूस पहिली उडी घेतो आणि मग सगळ्यांना मोकळीक. उडीला इथे धप्पा म्हणतात आणि त्याचीही पद्धत आहे. सरळ पाय सोडून उतरलात तर पाणी हलतसुद्धा नाही आणि कडेची मंडळी हसतात. गुडघे पोटाशी घेऊन बसकण मारायची, म्हणजे पाणी वर उसळतं आणि काठावरच्या दोन रांगा भिजतात. सूर मारायचा नाही, कधीच नाही. पाणी इतकं दाट रंगाचं असतं की आपल्या आधीचा वर आला की अजून खालीच आहे ते दिसत नाही. हौद पुरुषभराहून खोल, तेव्हा पोहता येत नसेल तर काठावरच्या ओळखीच्या तालीमवाल्याला आधी सांगून ठेवावं. काठ रंगाने बुळबुळीत होतो. घसरून पडणारे उडी मारणाऱ्यांपेक्षा जास्त. चष्मा, फोन, अंगठी घरी. चप्पलही घरीच, कारण ती परत मिळत नाही. गाडी गंगेच्या अलीकडे कुठेतरी लावून पायी यावं, भद्रकालीच्या गल्ल्यांत त्या दिवशी सायकलही वळत नाही. रंग साबणाने जात नाही. घासत बसू नये, तीन-चार दिवसांत उतरतो. अंधार पडला की रहाड पुढच्या वर्षापर्यंत परत बुजते. सहाव्या दिवशी येऊन ‘कुठेय ती रहाड’ विचारलंत तर लोक पायाखाली बोट दाखवतील.

पर्यटनाच्या माहितीपत्रकात मात्र नाशिकसाठी ‘ऑक्टोबर ते मार्च उत्तम’ असं छापलेलं असतं. म्हणजे पावसाळा वजा! नाशिककर पावसाळ्यात जितका वेळ गंगेवर काढतो तितका देवाच्या नावाने वर्षभरात काढत नसेल. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की ‘किती क्युसेक?’ हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारला जातो. पण आकडा कळून समाधान होत नाही. मोजमाप एकच, रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. मारुतीच्या पायाला पाणी म्हणजे काही नाही, नदी आली. गुडघ्याला पाणी म्हणजे घाटावरच्या टपऱ्या हलवायच्या. कमरेला आलं की होळकर पुलावर बघ्यांची भिंत उभी राहते आणि पोलीस शिट्ट्या मारून थकतात. छातीच्या वर चढायला लागलं की भांडी बाजारातले आणि सराफ बाजारातले दुकानदार माल माळ्यावर टाकतात. डोक्यावरून गेलं की मग बघायला यायचं नसतं, मदतीला यायचं असतं. शेजारी नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ चं. त्याची घंटा पोर्तुगिजांकडून वसईच्या विजयात मिळालेली. पाणी तिच्यापर्यंत पोचलं हे वाक्य जुने लोक वेगळ्याच आवाजात उच्चारतात. पूर बघायचा असेल तर घाटाच्या पायऱ्यांवर उतरू नका. शेवाळ आणि गाळ एकत्र आले की पाय कधी गेला ते कळत नाही.

श्रावणात त्र्यंबकला येणारेही असेच फसतात. पहिल्या सोमवारी येतात. गर्दी असते, दर्शनाची रांगही लांबलचक, पण ब्रह्मगिरीच्या फेरीचा मान तिसऱ्या सोमवारचा. रविवारी रात्री कुशावर्तात स्नान करून लोक निघतात आणि लहान फेरी केली तरी वीसेक किलोमीटर होतात. मोठी फेरी त्याच्या दुप्पट; ती पहिल्याच वर्षी करायला जाऊ नये. वाटेत चिखल घोट्यापर्यंत असतो. जाड सोलचे महागडे बूट चिखल धरून जड होतात, दोन तासांत पायाला वीट बांधल्यासारखं होतं. पट्ट्याची साधी सँडल बरी. छत्रीपेक्षा प्लास्टिकची खोळ बरी, कारण धुक्यातल्या वाऱ्यात छत्री उलटते. नाशिकहून त्र्यंबक अठ्ठावीस किलोमीटर, पण त्या रात्री स्वतःची गाडी गावाबाहेरच अडवतात. एसटीने जावं, ती आतपर्यंत नेते.

मोहरम कुठल्या महिन्यात येईल हे इंग्रजी कॅलेंडर दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी हलवतं, म्हणून त्याची आठवण पाहुण्याला होत नाही. सारडा सर्कलजवळच्या इमामशाही दर्ग्याचा ताबूत अळिवाचा असतो. बांबूच्या सांगाड्याला कापूस लावायचा, त्यावर भिजवलेले अळीव पसरायचे. अळीव ओले झाले की बुळबुळीत होऊन कापसाला घट्ट धरतात, वेगळी खळ लागत नाही. रोज पाणी शिंपडत राहिलं की दहा दिवसांत सगळा ताबूत हिरवागार. पाणी जास्त झालं तर कुजतो, कमी पडलं तर पिवळा पडतो. तो बांधण्याचा मान हिंदू घराकडे चालत आलेला आहे. नाशकात याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही, त्यामुळे बाहेरच्याला कुणी मुद्दाम सांगतही नाही.

गणपतीबद्दल काय सांगायचं. विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते, चांदीचा गणपती बघावा, ढोल ऐकावा. माझा हेका असा की ढोल मिरवणुकीत ऐकूच नये. तिथे चार पथकं एकमेकांवर आदळतात. महिना-दीड महिना आधी संध्याकाळी मोकळ्या मैदानांवर सराव चालतो, तिथे जाऊन उभं राहावं. दमट हवेने पान सैल पडतं, मग दर अर्ध्या तासाने कुणीतरी ढोल आडवा घालून दोरी ओढत बसलेला असतो. ढोल ताणला की आवाज कसा उघडतो ते तिथेच कळतं.

नवरात्रात कालिकेची यात्रा आहे, वणीच्या गडावर तर विचारू नका. पण गडावर जायचंच असेल तर दसऱ्यानंतरची कोजागरी बघा. लांबलांबच्या नद्यांचं पाणी कावडीतून पायी आणतात आणि देवीला अभिषेक होतो. त्याच रात्री तृतीयपंथी मंडळी गडावर जमतात. पायथ्याच्या नांदुरीपासून वर यात्रेत खाजगी गाड्या सोडत नाहीत. पायऱ्या चढायच्या नसतील तर वर आता ट्रॉली आहे, तिची रांगही गडाएवढीच.

फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा असते, नाशिकरोडला, दुसऱ्या शनिवार-रविवारी. गोव्यापासून माणसं येतात. नाताळात येऊन ‘इथे काहीच नाही’ म्हणणाऱ्यांनी टिपून ठेवावं. द्राक्षांचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत बागेत जाऊन आंबट तोंड करून परतणारे पुष्कळ. ऑक्टोबर छाटणीनंतर घड तयार व्हायला साधारण ११० ते १३० दिवस लागतात, म्हणजे गोडी फेब्रुवारी-मार्चची. निफाडला थंडी फार पडली की मण्यांना गुलाबी छटा येते आणि व्यापारी भाव पाडतात; खायला ती द्राक्षं काही वाईट नसतात. रस्त्याकडेला विकत घेताना घडाच्या टोकाचा मणी खाऊन बघा, खांद्याचा नव्हे. खांद्याचे मणी आधी पिकतात, विकणारा तोच तोडून देतो. टोक गोड तर घड गोड.

सिंहस्थ कुंभमेळ्याचं विचाराल तर ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि नाशिकची अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला ठरली आहेत. या तीन तारखा सोडून या. मधल्या साध्या दिवशीही रामकुंड जागेवरच असतं आणि साधूंकडे बोलायला वेळ असतो.

रामनवमीचं मध्येच राहून गेलं. काळारामाचा जन्मसोहळा नवमीला भर दुपारी होतो, पाहुणे प्रसाद घेऊन निघून जातात, आणि रथ दोन दिवसांनी, कामदा एकादशीला. दोन रथ असतात. पुढे हलका गरुडरथ, त्यात पादुका; तो अहिल्याराम व्यायामशाळेची पोरं ओढतात. मागे रामरथ, त्यात भोगमूर्ती, म्हणजे मिरवायच्या मूर्ती. त्याचा मान रास्ते आखाड्याचा. गरुडरथ नदी ओलांडून गावात फिरून येतो, रामरथ नदी ओलांडत नाही. त्या त्या वर्षी मान असलेले पुजारीबुवा रथाकडे तोंड करून, हात जोडून, सगळी वाट उलटे चालतात. बघायला पूर्व दरवाजाशी उभं राहावं, पण दोराच्या अगदी कडेला नको. वळणावर दोर एकदम ताणून बाजूला येतो आणि उभ्या माणसाला भिंतीला चेपतो.

त्या दोराला हात कुणी लावायचा, यावरून १९३० साली याच जागी डोकी फुटली. २ मार्चला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता. दरवाजे बंद झाले, सत्याग्रही चारही दारांशी ठाण मांडून बसले. ९ एप्रिलला रथ होता. दोन्हीकडच्या तरुणांनी मिळून ओढायचा अशी तडजोड झाली होती. ऐन वेळी सत्याग्रहींना बाजूला सारून रथ पळवला गेला आणि दगडफेक झाली. बाबासाहेबांचे नाशिकचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी सत्याग्रह पुढे पाच वर्षं चालू ठेवला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्याच्या परिषदेत सांगितलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. येवल्याच्या मुक्तिभूमीवर दर वर्षी त्या तारखेला लोक जमतात. नाशिकहून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आहे, एसटी मिळते.