कवटीबाहेरचा ठिपका

उजव्या हाताची बोटे हलवताना मेंदूचे एफएमआरआय स्कॅन घेण्याच्या साध्या प्रयोगात डाव्या मोटर कॉर्टेक्समध्ये, म्हणजे हालचाल घडवणाऱ्या मेंदूच्या भागात, सक्रियतेचा ठिपका उमटायला हवा. माझ्या आकृतीत मात्र तो उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, मेंदूच्या बाह्यरेखेबाहेर तरंगत होता. बाहेर नागपूरचा मे महिना, प्रयोगशाळेतल्या कूलरचा पंप बंद पडलेला आणि समोर ही आकृती!

त्याआधीच्या दोन अडचणी किरकोळ होत्या. मेंदूच्या प्रतिमा रेखाटणाऱ्या ‘नायलर्न’ या पायथन लायब्ररीच्या फंक्शनला त्रिमितीय प्रतिमा हवी असताना मी काळाची मिती असलेली चतुर्मितीय फाइल दिली होती. सरासरी प्रतिमा काढल्यावर ते मिटले. सर्व्हरला पडदाच नसल्याने आकृत्या काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबची खिडकी उघडत नव्हती. तिथे पडद्याशिवाय चित्र काढणारा ‘अ‍ॅग’ बॅकएंड निवडून आकृती थेट पीएनजी फाइलमध्ये साठवली. या दोन्ही वेळी प्रोग्रामने निदान तक्रार तरी केली होती. तिसऱ्या वेळी त्याने एका शब्दानेही कुरकुर केली नाही, आणि म्हणूनच माझी अख्खी दुपार रंगपट्टी आणि थ्रेशोल्ड (किती मूल्यापासून रंग दाखवायचा ती मर्यादा) बदलण्यात वाया गेली.

शेवटी मॅडमना आकृती दाखवली. त्या म्हणाल्या, “रंगांचं राहू द्या, आधी अफाइन छापून बघा.”

छापले, तर चार बाय चारच्या मॅट्रिक्सच्या कर्णावर चार एक आणि बाकी सगळी शून्ये, म्हणजे नुसते एकक मॅट्रिक्स. झेड-मूल्ये (सरासरीपासूनचे प्रमाणित अंतर) काढण्यासाठी मी फाइलमधले नुसते आकडे बाहेर काढले होते आणि परत साठवताना एका जुन्या स्क्रिप्टमधली एकक मॅट्रिक्सची ओळ जशीच्या तशी उचलली होती. अफाइन म्हणजे व्हॉक्सेलच्या, म्हणजे त्रिमितीय प्रतिमेतल्या एका छोट्या घनाच्या, क्रमांकावरून मिलिमीटरमधली जागा सांगणारा हिशेब. सीताबर्डीचा शून्य मैलाचा दगड कोणी कामठीला नेऊन ठेवला आणि मैलाचे मापही निम्मे केले, तर गावांचे जे होईल तेच माझ्या ठिपक्याचे झाले होते.

एफएसएल या मेंदू-प्रतिमांच्या सॉफ्टवेअरमधल्या दोन मिलिमीटरच्या एमएनआय१५२ टेम्प्लेटमध्ये, म्हणजे सरासरी मेंदूच्या प्रमाण नकाशात, ९१ × १०९ × ९१ व्हॉक्सेल असतात, पहिला व्हॉक्सेल ९०, −१२६, −७२ मिलिमीटर येथे असतो आणि पहिल्या अक्षाची पायरी उणे दोन असते. त्यामुळे −३८, −२६, ५६ हे डावीकडचे स्थान ६४, ५०, ६४ या व्हॉक्सेलवर पडते. एकक मॅट्रिक्सने तेच तीन आकडे मिलिमीटर म्हणून वाचले. मेंदू निम्म्या आकाराचा झाला, पुढे-वर सरकला आणि, सर्वांत घातक म्हणजे, डावे-उजवे उलटले. ठिपका कवटीच्या आत पडला असता, तर ही अदलाबदल कदाचित माझ्या ध्यानातही आली नसती.

मूळ प्रतिमेचे अफाइन आणि हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) देऊन फाइल पुन्हा साठवली. ठिपका जागेवर आला. त्याच स्क्रिप्टने साठवलेल्या जुन्या फाइली मग एकेक करून तपासल्या. चार फाइलींत तोच दोष निघाला, आणि त्यांतल्या एकीची आकृती मी आधीच्याच महिन्यात सेमिनारमध्ये मोठ्या आत्मविश्वासाने दाखवून बसलो होतो.