आमची वाटचाल: ‘काही होत नाही’ म्हणून परत आलेले रोल

अप्पांनी 1972 साली मिरजेत स्टुडिओ काढला, तेव्हा फिल्मचे रोल धुणं, म्हणजे रसायनात घालून चित्र बाहेर काढणं, हा काही वेगळा धंदा नव्हता. लग्नं, मुंजी, पासपोर्ट फोटो आणि गिऱ्हाइकांच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यातले रोल, सगळं एकाच डार्करूममध्ये व्हायचं. पुढे रंगीत लॅब आल्या, मग डिजिटल आलं आणि गावातल्या डार्करूमच्या झेरॉक्सच्या खोल्या झाल्या. आमचीही झाली असती, पण अप्पांनी मोरी फोडू दिली नाही.

माळ्यावरच्या कॅमेऱ्यात सापडलेला रोल घेऊन लोक आधी मोठ्या लॅबमध्ये जायचे आणि ‘याचं काही होत नाही’ ऐकून आमच्याकडे यायचे. हळूहळू तेच मुख्य काम झालं. आता पुण्या-मुंबईहून, बेळगावहून कुरिअरने रोल येतात. बहुतेक पूर्व जर्मनीच्या ओर्वो नाहीतर उटीच्या इंदू या छापाचे.

फोटो काढल्यावर फिल्मवर जी अदृश्य खूण उमटते, ती वर्षानुवर्षं फिकी होत जाते. उलट उष्णता आणि दमटपणामुळे प्रकाश न पडलेले कणही काळे पडायला तयार होतात. त्याला आम्ही फॉग म्हणतो. जुना रोल आहे म्हणून नुसता जास्त वेळ धुतला, तर चित्राबरोबर फॉगही वाढतो. म्हणून डी-76 हे रोल धुण्याचं रसायन आम्ही घरीच बनवतो: मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट, बोरॅक्स. त्यात फॉग दाबायला थोडं बेंझोट्रायझोल. त्याने चित्रही जरा दबतं, मग वेळ बेताने वाढवायची. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाचं पाणी तिशीच्या वर जातं. टाकी बर्फाच्या पाण्यात बसवून वीस अंशांवर आणल्याशिवाय रोलला हात लावत नाही. आधी अंधारात टोकाचा तुकडा कापून धुऊन बघतो. चारशे स्पीडच्या, म्हणजे कमी उजेडात चालणाऱ्या रोलपेक्षा शंभरचा जास्त टिकतो, हा आमचा नेहमीचा अनुभव.

खरी कसोटी रीळ भरताना, म्हणजे टाकीतल्या रिळावर फिल्म चढवताना लागते. मध्यंतरी कवठेमहांकाळच्या एका काकूंनी सासऱ्यांचा रोल आणला. फिल्म इतकी कडक झाली होती, की रिळात सरकवावी तर सुटून परत गुंडाळी व्हायची. आमच्या मुलाने उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून ती उलटी गुंडाळली, तशीच बांधून रात्रभर ठेवली, तेव्हा कुठे बसली. धुतल्यावर बैलगाडीशेजारी उभी माणसं दिसली आणि आभाळात फिल्मच्या पाठीमागच्या कागदावरचे आकडे आणि ठिपके छापलेले. रोल पुढे किती फिरवायचा, ते या आकड्यांवरून कळायचं. मुलगा म्हणाला, स्कॅनमध्ये पुसतो. काकू म्हणाल्या, “राहू दे की, ते आकडे मामंजीच बघून फिरवायचे.”

जुन्या रोलचं नेहमीचं उदाहरण म्हणजे स्वीडनच्या आंद्रेची ध्रुवीय मोहीम. तिच्यातल्या 1897 च्या फिल्म 1930 साली बर्फात सापडल्या. जॉन हर्ट्झबर्ग यांनी स्टॉकहोममध्ये 240 पैकी 93 चित्रं वाचवली. गिऱ्हाईक हे ऐकून खूश होतं, पण तिथे बर्फ होता आणि इथे पत्र्याखालचा माळा, हेही आम्ही सांगतो. पैसे धुण्याचे घेतो, चित्र निघो वा न निघो. यावरून वाद होतात. म्हणून आता पावतीवरच छापलंय.

कोडाक्रोम, म्हणजे कोडाकच्या रंगीत स्लाइडच्या फिल्मही येतात. त्याची रंगीत प्रक्रिया 2010 च्या अखेरीस जगात बंद झाली, त्यामुळे चित्र निघालंच तर कृष्णधवल निघेल. चालत असेल तर पाठवा, आणि कॅमेऱ्यात रोल असेल तर मागचं झाकण उघडू नका.