महामार्गाच्या गटारापासून विहिरीपर्यंत

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाविषयी आमच्याकडे होणारे बोलणे खड्डे, अपघात, रखडलेले पूल आणि भूसंपादनाचा मोबदला यांच्यापलीकडे सहसा जात नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र या रस्त्याने पावसाच्या पाण्याची वाटही बदलून टाकली, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. जुन्या दुपदरी रस्त्यावरचे पाणी दोन्ही बाजूंच्या मातीच्या चरांत पसरायचे आणि गवतातून झिरपत हळूहळू खाली उतरायचे. आता ते काँक्रीटच्या गटारातून धावत येते आणि मोरीपाशी, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या बांधीव वाटेपाशी, एकाच ठिकाणी पऱ्यात (ओढ्यात) कोसळते. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या वाडीची नळपाणी योजना ज्या विहिरीवर चालते, ती विहीर अशाच एका पऱ्याच्या काठी, मोरीच्या खालच्या अंगाला आहे. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी गावच्या पाणी समितीत आलो, आणि त्या विहिरीत नेमके काय उतरते आणि ते केव्हा उतरते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

प्रथम पाण्याचा आवाका पाहू. रस्त्याचा पक्का भाग वीस मीटर रुंद धरला, तर एक किलोमीटर लांबीवर वीस हजार चौरस मीटर पृष्ठभाग होतो. त्यावर केवळ दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी दोन लाख लिटर पाणी जमते. जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटरचे जे प्रमाण ठरवले आहे, त्या हिशेबाने साडेतीन हजारांहून अधिक लोकांची ही एका दिवसाची गरज झाली, आणि कोकणात दहा मिलिमीटर म्हणजे चहा होईपर्यंत पडून जाणारी सर. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटर धरला तर त्याच एका किलोमीटरवरून सहा कोटी लिटर पाणी वाहून जाते. हे पाणी जाते कोठे, हे विचारण्यासाठी पर्यावरणवादी असण्याची गरज नाही.

या पाण्यात असते काय, याचे उत्तर वाहनांच्या झिजेत आहे. टायरच्या रबरात जस्ताचे ऑक्साइड मिसळलेले असते, म्हणून टायर झिजला की जस्त रस्त्यावर येते. ब्रेकच्या पॅडमधून तांबे, लोखंड आणि अँटिमनी सुटते. इंजिनातून ठिबकणारे तेल, डिझेलच्या धुरातील काजळी आणि तिच्यासोबत येणारी बहुचक्रीय हायड्रोकार्बन संयुगे यांची त्यात भर पडते. पेट्रोलमधील शिसे आपल्या देशात २००० सालापर्यंत बंद झाले. तरीही जुन्या रस्त्यांच्या कडेची माती ते अजून धरून असते. नवीन काँक्रीट धुऊन आलेले पाणी अल्कधर्मी असते, तर सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून, येणारे आपले मूळचे पाणी किंचित आम्लधर्मी. त्यामुळे काम चालू असलेल्या टप्प्याखाली सामू (पीएच) अचानक वर चढला, तर त्याचे कारण फार शोधावे लागत नाही. या सगळ्यावर पावसाळाभर कोरड्या जागेसाठी महामार्गावर ठाण मांडून बसणाऱ्या गुरांचे शेण असते, आणि खरे सांगायचे तर पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने ते जस्तापेक्षा अधिक घातक आहे. आयएस १०५०० या भारतीय मानकात जस्ताची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम इतकी सैल आहे, शिशाची मात्र ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू मुळीच आढळता कामा नये. रस्त्यावरील प्रत्येक घटकाला एकाच भीतीने पाहिले तर तपासणीचा पैसा भलत्याच ठिकाणी खर्च होतो.

हा माल रस्त्यावरून एकसारखा उतरत नाही, आणि मला जे सांगायचे आहे ते येथेच आहे. दीर्घ उघडीपीनंतर पडणाऱ्या पहिल्या जोरदार पावसाच्या सुरुवातीच्या पाण्यात घाणीचे प्रमाण सर्वाधिक असते, आणि प्रवाह पूर्ण भरात येईपर्यंत ते उतरणीला लागलेले असते. जगभरच्या रस्त्यांवर हा अनुभव आहे. पण आपल्याकडे तो विशेष तीव्र असावा अशीच ऋतूंची रचना आहे. ऑक्टोबरात पाऊस गेला की पुढचे सात महिने रस्त्यावर थर साचत राहतो. वळवाची एखादी सर त्याला हलवते आणि मृगाचा पाऊस तो धुऊन काढतो. जुलैत, पाऊस कोसळत असताना घेतलेला नमुना बहुधा निर्दोष निघतो, आणि तो तसा निघाला म्हणून जूनच्या पहिल्या तासाभराविषयी काहीच सिद्ध होत नाही.

आपली तपासणीची पद्धत मात्र पंचांगाने चालते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर स्रोतांची जैविक तपासणी, वर्षातून एकदा रासायनिक तपासणी, स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला धोक्याच्या प्रमाणात मिळणारे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड, ही व्यवस्था वाईट नाही. साथीच्या रोगांविरुद्ध ती उपयोगी पडली आहे आणि तिची चेष्टा करणाऱ्यांनी पूर्वीच्या गॅस्ट्रोच्या साथी आठवून पाहाव्यात. पण तिची रचना शेणा-मैल्यापासून होणारे प्रदूषण पकडण्यासाठी झालेली आहे. आमचा जलसुरक्षक, म्हणजे गावचे पाणी निर्जंतुक करणारा कर्मचारी, अतिशय नेकीने टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकतो आणि शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का याची रंगचाचणी, करतो. मी तेलाची आणि शिशाची गोष्ट काढली तेव्हा तो म्हणाला, "सर, ओटीला पिवळा रंग आला की पाणी चांगलं, असंच आम्हाला शिकवलंय." त्याला शिकवले ते त्याच्या कामापुरते बरोबरच आहे. मात्र क्लोरीनने शिसे जात नाही, तेलही जात नाही. शिवाय पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळावरच खर्ची पडते आणि गाळाच्या कणांच्या आडोशाने जिवाणू वाचतात. मानकातील गढूळपणाची मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक), आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ एनटीयू, इतकी कडक ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

पंचांगावर विसंबण्याचा धोका २०२५ साली सर्वांनीच पाहिला. मोसमी पाऊस त्या वर्षी २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि कोकणात मे महिन्यातच पऱ्ये वाहू लागले. लोकांची आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीची, कामे अर्धवट राहिली, तशी ज्यांचे पावसाळ्यापूर्वीचे नमुने घ्यायचे राहिले होते त्यांचा मुहूर्तही टळला.

पहिल्या पाण्याचा नमुना घेण्यासाठी माणूस तेथे हजर असावा लागतो, आणि पाऊस नेमका रात्री अडीच वाजता येतो. परदेशांत यासाठी प्रवाहाच्या प्रमाणात आपोआप बाटल्या भरणारी यंत्रे वापरतात. ती आपल्या आवाक्याबाहेरची आहेत. त्याऐवजी आम्ही एक साधी योजना केली. गटाराच्या तळाशी, पाणी पऱ्यात पडण्याच्या थोडे अलीकडे, रुंद तोंडाची काचेची बाटली उभी बसवायची. तिच्या बुचाच्या जागी एक गाळणे आणि नळीचा तुकडा असतो, आणि आत टेबल टेनिसचा चेंडू. पाणी भरत जाते तसा चेंडू वर तरंगतो आणि शेवटी नळीचे तोंड बंद करतो, त्यामुळे नंतरचे तुलनेने स्वच्छ पाणी आत शिरून पहिले पाणी पातळ करत नाही. प्लास्टिकच्या बाटलीला तेल चिकटून राहते, म्हणून काच. तेलासाठीची बाटली नमुन्याच्या पाण्याने आधी खळबळून घ्यायची नाही, कारण त्या खळबळण्यातच तेल काचेला लागते आणि मोजणीत जास्त येते. धातूंसाठी मात्र वेगळी, आम्लाने धुतलेली प्लास्टिकची बाटली लागते आणि सामू दोनच्या खाली जाईल इतके नायट्रिक आम्ल त्यात घालावे लागते, अन्यथा धातू बाटलीच्या भिंतीवर बसतात आणि प्रयोगशाळेचा अहवाल खोटाच दिलासा देतो. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली तर या सापळ्यातून भरताच येत नाही. ती हाताने, थंड ठेवून आणि चोवीस तासांच्या आत पोहोचवावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी जाणाऱ्या एसटीचे वेळापत्रक हा पाणी तपासणीतला एक अधिकृत घटक मानायला हरकत नाही.

एकट्या गटाराच्या नमुन्यावरून विहिरीविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पऱ्यात मोरीच्या वर एक आणि खाली एक, अशी जोडी एकाच वेळी घेतली, तरच रस्त्याचा वाटा वेगळा काढता येतो. आपल्याकडे हे विशेष आवश्यक आहे, कारण डोंगर कापल्यावर उघडी पडलेली तांबडी माती वरूनही येते आणि सगळा दोष रस्त्यावरील वाहनांच्या माथी मारणे सोपे जाते. प्रत्येक वेळी प्रयोगशाळेचा खर्च परवडत नाही, तेव्हा हातात धरायचा विद्युतवाहकतेचा मीटर पुष्कळ काम करतो. कोकणातील पाण्यात विरघळलेले क्षार मुळातच कमी असतात. म्हणून मोरीच्या खालचे मापन वरच्यापेक्षा ठळकपणे चढले, तर बाहेरचे काही मिसळते आहे हे लगेच कळते. काय मिसळते हे मीटर सांगत नाही. बाटली कधी भरायची एवढे तो सांगतो.

जांभ्याविषयी आमच्याकडे एक अढळ समजूत आहे की दगडातून गाळून आलेले पाणी शुद्धच असणार. जांभ्यातील लोहाची ऑक्साइडे शिशासारखे धातू धरून ठेवतात, हे खरे आहे. पण तो खडक सच्छिद्र आणि भेगांनी भरलेला असल्यामुळे पाणी त्यातून फार लवकर निसटते. पाऊस लागल्यावर काही दिवसांतच उपळे, म्हणजे जमिनीतले झरे, फुटतात आणि तळाला गेलेली विहीर वर येते, याचाच अर्थ गाळण्यासाठी मिळणारा अवधी तोकडा असतो. त्यात आपल्या विहिरींचे बांधकाम बहुतेक कोरडे, दरजा न भरलेले. काठावरचे पाणी खडकात न शिरता थेट चिऱ्यांच्या फटींतून आत ठिबकते. वरचे तीन मीटर सिमेंटने बंद करणे आणि भोवती बाहेरच्या बाजूला उताराचा ओटा घालणे, हा उपाय जुना, स्वस्त आणि तरीही दुर्लक्षित आहे. मेमध्ये विहीर उपसताना निघणारा तांबडा गाळही तपासला पाहिजे, असे माझे मत आहे. धातू बारीक कणांना चिकटून येत असल्यामुळे पाण्याचा एक नमुना एका क्षणाची खबर देतो, तर गाळ अख्ख्या वर्षाची. आज हा गाळ बहुतेक ठिकाणी जवळच्या परसबागेत पसरला जातो.

पिण्याच्या पाण्यात जस्त-तांब्याची मर्यादा सैल आहे म्हणून ते धातू निरुपद्रवी ठरत नाहीत. माशांना ते कितीतरी कमी प्रमाणात बाधतात, आणि पाणी जितके मृदू तितके अधिक. कोकणातील नद्यांचे पाणी तर मृदूच असते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पावसानंतर ओढ्यात चढून येणारे कोहो जातीचे साल्मन मासे अंडी घालण्यापूर्वीच मरत होते. टायर ओझोनने तडकू नये म्हणून त्यात घालतात ते ६पीपीडी हे रसायन हवेतील ओझोनशी संयोग पावून दुसराच एक विषारी पदार्थ तयार करते, आणि हे मासे त्यानेच मरतात, असे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध केले. लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून कमी मात्राही त्यांना पुरते. त्याच ओढ्यांतील चम जातीच्या साल्मनला मात्र ते फारसे बाधत नाही, म्हणून तिकडचा निष्कर्ष उचलून येथे चिकटवता येणार नाही. तरीही आपल्याकडे वलगणीचे, म्हणजे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर येणारे, मासे चढतात ते पहिल्या पुराच्या पाण्यावर, आणि रस्त्याची सात महिन्यांची घाण उतरते तीही त्याच पाण्यातून. मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला विषय घरबसल्या मिळणार नाही.

टँकरच्या अपघातांचा विचार वेगळाच करावा लागतो, कारण तेथे नमुना घेण्याइतका वेळच नसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये लांजा तालुक्यातील अंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला होता. स्वयंपाकाचा गॅस पाण्यात फारसा विरघळत नाही. त्याजागी आम्लाचा किंवा द्रावकाचा टँकर असता तर खालच्या गावांच्या जॅकवेलचे (नदीतून पाणी उचलण्याच्या विहिरींचे) पंप किती मिनिटांत बंद झाले असते, हा प्रश्न प्रत्येक नदीकाठच्या ग्रामपंचायतीने स्वतःला विचारावा. पंपचालकाचा क्रमांक पोलीस पाटलांकडे असणे आणि मोरीच्या तोंडाशी वाळूने भरलेली पोती तयार ठेवणे, एवढ्यासाठी कोणताही निधी मंजूर व्हावा लागत नाही.

आमच्या ग्रामसभेने ठराव करून दोन मागण्या पाठवल्या आहेत. पहिली अशी की मोरीचे पाणी थेट पऱ्यात न सोडता, अलीकडच्या पडीक पट्टीत गवत राखलेल्या उथळ चरातून आणि गाळ बसण्याच्या एका खड्ड्यातून पुढे न्यावे. बारीक कण थांबले की त्यांना चिकटलेले धातूही बऱ्याच अंशी थांबतात, मात्र तो खड्डा दरवर्षी आगोटीपूर्वी उपसण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरले पाहिजे. दुसरी मागणी अशी की वार्षिक रासायनिक तपासणीपैकी एक नमुना पहिल्या मोठ्या पावसानंतर चोवीस तासांत घ्यावा आणि त्यात शिसे, खनिज तेल व गढूळपणा यांचा समावेश असावा. पहिल्या मागणीवर ठेकेदाराकडे बोट दाखवणारे उत्तर आले आणि ठेकेदाराने ते परत कार्यालयाकडे वळवले. दुसरीवर तोंडी होकार मिळाला आहे. लेखी पत्रासाठी पाठपुरावा चालू आहे, आणि दरम्यान विहिरीच्या वरच्या भागाला गिलावा करण्याचे काम समितीने श्रमदानातून सुरू केले आहे.