सेन्योरा इंग्रजी बोलत नाही

इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या माझ्या लेकीच्या शाळेत सप्टेंबरात पालकांची संध्याकाळ असते. मुलांचं वेळापत्रक हातात घेऊन आई-बापांनी वर्गावर्गातून फिरायचं आणि प्रत्येक शिक्षकानं दहा मिनिटांत आपला विषय मांडायचा. गणित-विज्ञान नेहमीसारखं पार पडलं. स्पॅनिशच्या बाईंनी मात्र (मुलं त्यांना सेन्योरा म्हणतात) दारापासूनच स्पॅनिश सुरू केलं ते शेवटपर्यंत. इंग्रजीचा एक शब्द नाही. टोपलीत प्लास्टिकची फळं. एकेक उचलायचं, नाव घ्यायचं, स्वतःच्या पोटावरून हात फिरवायचा, मग तोंड वाकडं करायचं आणि आमच्याकडे बोट दाखवायचं. शेजारचे टाय लावलेले गृहस्थ केळं आवडत नाही म्हणून सांगून मोकळे झाले. माझ्या वाट्याला आंबा आला, तोही हिरवा-लाल, सुपरमार्केटातला. मालवणच्या माणसानं त्याला काय आंबा म्हणायचं! पण 'नावडतो' म्हणायला जीभ रेटेना, म्हणून 'सी', म्हणजे हो, म्हटलं.

निघताना हातात कागद मिळाला. 'हॉटेलात मला हवं ते मागवता येतं.' 'समोरच्याला त्याच्या घरच्यांबद्दल विचारता येतं.' ही वर्षाची उद्दिष्टं! धडा पहिला, धडा दुसरा काही नाही. बाईंचा लहरीपणा असेल म्हणून घरी येऊन शोधलं, तर तसं नाही. परभाषा शिकवणाऱ्यांची इथली मोठी संघटना आहे, ॲक्टफल नावाची. वर्गातला ९० टक्के किंवा जास्त वेळ शिकायच्या भाषेतच बोला, असं तीच सांगते. कामं तीन प्रकारची: ऐकून-वाचून समजणं, समोरच्याशी बोलणं, आणि चार लोकांपुढे मांडणं. व्याकरण लागेल तसं मागून. न्यू जर्सीत या विषयाचं नाव 'जागतिक भाषा'. तो पुरेसा केल्याशिवाय, नाहीतर भाषा येते हे दाखवल्याशिवाय, बारावीनंतर डिप्लोमा हातात पडत नाही.

मला आमचा संस्कृतचा तास आठवला. देवः देवौ देवाः, छपरावर पाऊस आणि खाली आम्ही, दोघंही एका लयीत. शंभरपैकी नव्वदच्या वर गुण मिळवणारी आमची अख्खी बाकं होती, आणि त्यातल्या एकीलाही 'मला तहान लागली' म्हणता आलं नसतं. आता हे वाचून कोणी चिडू नका. रा. गो. भांडारकर मालवणात जन्मले, रत्नागिरीला शिकले, आणि शाळेतल्या पोरांनी संस्कृत शिकावं म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांनी पाठ्यपुस्तकं लिहिली. नियम, उदाहरणं, मग भाषांतर. त्या वाटेनं मोठमोठे पंडित तयार झाले. पण ती वाट ग्रंथ वाचण्यासाठी होती. आम्ही त्याच वाटेनं हिंदी शिकलो, इंग्रजीही शिकलो, आणि मुंबईच्या पहिल्या मुलाखतीत घशाला कोरड पडली.

तरी इथलं सगळं गोड मानायला मी तयार नाही. लेकीच्या चाचणीत क्रियापद चुकलं होतं. 'मी खाते'च्या जागी तिनं 'तो खातो' लिहिलं होतं. गुण पूर्ण, वर हसरा चेहरा! मी लगेच बाईंना ईमेल लिहिली. उत्तर अगदी नम्र: ही नवशिकी पातळी आहे, अर्थ पोचला, रूपं सवयीनं बसतील. अहो, आमच्या मराठीच्या बाई ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा गुण कापायच्या, आणि कापल्यावर वहीत पाच वेळा लिहून घ्यायच्या. कोण खातंय हे कळलं नाही तर पोचलं काय डोंबल? नवऱ्याच्या मते मी उगाच डोक्यात घेतलंय. असेल. पण तो हसरा चेहरा अजून माझ्या डोक्यात जातो.

आणि चार वर्षं असं हसत-खेळत शिकून ही मुलं पोचतात कुठे? बहुतेकजण साध्या गप्पा मारण्यापर्यंत. इकडे माझी भाची, कुडाळला नर्सिंग झालेली, ऑनलाइन जर्मन शिकतेय. तांदूळ निवडता निवडता डेर, दी, दास घोकते, थेट आमच्या देवः देवौच्या चालीवर. जर्मनीत नर्सला सहसा बी-टू लागतं, म्हणजे भाषेच्या सहा पायऱ्यांतली चौथी, आणि ती पोरगी तिथे पोचेल याबद्दल मला शंका नाही. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं तिथल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा शालेय शिक्षणमंत्री आमच्या सावंतवाडीचे केसरकर होते. तेव्हापासून गावात जर्मनची चर्चा एसटीच्या वेळापत्रकाइतकी चालते. बी-टूपलीकडे भाचीला नोकरी दिसतेय. माझ्या लेकीला स्पॅनिशपलीकडे फार तर ताटातला टाको दिसतो.

भाचीचा बाप, म्हणजे माझा चुलतभाऊ, तर शाळेच्या भाषेत कायम नापास. आज मालवणच्या धक्क्यावर त्याची होडी आहे. बेळगाव-हुबळीची गाडी लागली की 'बन्नी बन्नी' करत पुढे. दर, भरतीची वेळ, लाईफ जॅकेटचा पट्टा कुठून घ्यायचा, उलटी आली तर कुठल्या बाजूला वाकायचं, सगळं कानडीत. 'घरच्यांबद्दल विचारता येतं' हे तर त्याचं पहिलं वाक्य. त्यावरून तो ओळखतो किती तिकिटं खपणार. सेन्योराचा कागद त्याच्याकडे दिला तर खालपर्यंत टिका मारून परत देईल. धक्क्यापासून शाळा चालत दहा मिनिटांवर. तिथल्या मराठी-हिंदीच्या तासाला मात्र पोरांना अजून सहलीवर निबंध येतो, आणि त्या निबंधात एक पर्यटक तोंड उघडेल तर शपथ.

आता घरचं. लेकीला मराठी येतं का, हे तुम्ही विचारणारच. आई व्हिडिओवर मालवणीत अर्धा तास बोलते, लेकीला सगळं कळतं, उत्तर 'हो', 'नको' नाहीतर इंग्रजी. आम्ही दोघं नोकरीवरून सातला येतो, तेव्हा कोणी कोणाला प्रत्यय शिकवायचे? ॲक्टफलच्या हिशेबानं तिचं समजणं पक्कं आहे, फक्त बोलणं मागे आहे. हे कळल्यापासून मला बरीच बरी झोप लागते. शिवाय इथे द्विभाषा प्रावीण्याची मोहोर मिळते डिप्लोमावर. २०११ साली कॅलिफोर्नियानं सुरू केली, आता न्यू जर्सीतही आहे. इंग्रजीबरोबर दुसरी भाषा येते हे परीक्षेत दाखवायचं. ती शाळेतच शिकलेली असावी असं नाही.

म्हणून भावाला फोन केला. सुट्टीत पोरीला धक्क्यावर बसव, गिऱ्हाइकाशी बोलू दे, इंग्रजी बंद. तो हसायलाच लागला. इथली शाळा जूनच्या अखेरीस सुटते. तोवर मासेमारी बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद. "पावसात होडी वर काढलेली आसता. गिराईक खंयसून हाडू? नाताळात ये."

नाताळातल्या विमानाची तिकिटं बघून नवऱ्यानं लॅपटॉप मिटून ठेवलाय.