रात्री नऊचा खटका

"काका, परत बल्ब उडले. वयल्या घरातलो टीव्ही पण गेलो."

फोनवर वाडीतला बारावीचा मुलगा होता. वाडीच्या पाण्यावर वीज करणाऱ्या मशीनची देखभाल त्याच्याकडे. सलग तिसरी रात्र होती. पहिल्या रात्री मी त्याला फोनवरूनच कंट्रोलरचं कनेक्शन घट्ट करायला सांगितलं, दुसऱ्या रात्री कॅपॅसिटर फुगलेत का बघायला सांगितलं. तिसऱ्या फोननंतर मात्र सकाळी उठून सॅक भरली. कंट्रोलरचं नवीन कार्ड, दोन कॅपॅसिटर, बेअरिंग, मल्टिमीटर, चाकाचे फेरे मोजायचा टॅकोमीटर, सगळं बरोबर घेतलं. गाडीरस्ता संपतो तिथे बाइक लावायची, साकव ओलांडायचा आणि अर्धा तास चढायचं.

वाडी दोडामार्ग तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत. तिलारीचं मोठं वीजघर याच तालुक्यात. या सात घरांनाही सरकारी लाइन आहे, पण ती रानातून येते. पावसात तिच्यावर झाड पडलं की चार-चार दिवस अंधार. म्हणून घरामागच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यावर लोकांनी वर्गणी काढून छोटं मशीन बसवून घेतलं, ते मीच बसवलं. लाइन आणि मशीन एकत्र येऊ नयेत म्हणून प्रत्येक घरात चेंजओव्हरचा खटका आहे, एका वेळी दोन्हींपैकी एकच जोडणारा.

आमचा हिशेब फार सोपा असतो. सेकंदाला किती लिटर पाणी गुणिले किती मीटर उतार गुणिले पाच, तेवढे वॉट. खरं तर पाचाच्या जागी ९.८१ यायला हवेत, पण पाइपमधली घासण, चाक, मोटर यांत जवळपास निम्मं जातंच. तेव्हा पाच धरलं की फसगत होत नाही. इथे उतार भरला ६० मीटर. तो मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते, टप्प्याटप्प्याने खाली येत बेरीज करायची. पाणी मोजलं २०० लिटरच्या पिंपाने. पिंप वीस सेकंदांत भरलं, म्हणजे सेकंदाला १० लिटर, म्हणजे तीन किलोवॉट. व्हाळाला त्याहून बरंच जास्त पाणी होतं, पण सगळं उचलायचं नाही. खालच्या बागायतीच्या पाटाला आणि कोंडीतल्या माशांनाही पाणी लागतं. चाकावरून पडलेलं पाणीसुद्धा पुन्हा पाटातच जातं आणि सुपारीला मिळतं.

चाक पेल्टन जातीचं, वितीपेक्षा थोडं लहान, कडेला पितळेच्या जोडवाट्या. १४ मिलिमीटरच्या दोन तोट्यांतून पाणी त्या वाट्यांवर आदळतं. पेल्टनने या चाकाचं पेटंट १८८० साली घेतलं. खोपोलीला लोणावळ्याचं पाणी खाली आणून १९१५ पासून वीज होते, तीही याच जातीच्या चाकांवर. फरक आकाराचा, आणि दुसरा एक, ज्याने या तीन रात्री घोळ घातला. मोठ्या वीजघरात मागणी कमी झाली की वेग सांभाळणारा गव्हर्नर तोटीतली सुई पुढे सरकवून पाणी कमी करतो. तीन किलोवॉटच्या मशीनला तसला गव्हर्नर परवडत नाही. म्हणून आपण उलटं करतो: पाणी आहे तेवढंच ठेवायचं, वीजही सतत पूर्ण तयार करायची, आणि घरांनी वापरून उरेल ती कंट्रोलरने पाण्याच्या पिंपातल्या हीटरमध्ये ढकलायची. मशीनला वाटलं पाहिजे, ओझं कायम तेवढंच आहे.

पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. चिऱ्याच्या खोलीत मशीन नेहमीच्या सुरात चालू होतं. गेजवर साडेपाच किलो प्रेशर, मीटरवर २२८ व्होल्ट. जनरेटर म्हणजे पाच एचपीची साधी तीन फेजची मोटर. एका बाजूला जेवढे कॅपॅसिटर, दुसऱ्या बाजूला त्याच्या दुप्पट जोडले आणि चाकाने तिला तिच्या चालीपेक्षा जरा जास्त पळवलं की ती घरगुती सिंगल फेज वीज देते. सगळे कॅपॅसिटर मोजले, ठीक. मुलाला घराघरांत पाठवून मिक्सर, पंखे, दिवे एकदम लावायला आणि एकदम बंद करायला सांगितले. व्होल्टेज जेमतेम पाच-सहाने हललं. वरच्या घराच्या मागीलदारी हीटरचं पिंप आहे, तिथे जाऊन हात लावला. चटका बसला. पिंपात लिटरभर पाणी मिनिटाला येत राहतं आणि तेवढंच गरम होऊन बाहेर पडतं, ते वाफाळत पन्हळीतून वाहत होतं. पन्हळीखालचं अळू पार करपलेलं दिसलं, पण माझं लक्ष पिंपाकडे. पिंपाला चटका म्हणजे कंट्रोलर शाबूत. समाधानाने परत आलो.

दोष सापडला नाही की मला पोटात कसंतरी होतं. तुटलेली वस्तू परवडते. दिवसा शहाण्यासारखं वागणारं आणि रात्री उधळणारं मशीन नको. मुक्काम करायचं ठरवलं.

रात्री जेवून मी आणि तो मुलगा मशीनच्या खोलीत बसलो. नऊला दहा मिनिटं होती. तो फिजिक्सचं विचारत होता, मी उत्तरं देत होतो, आणि बोलता बोलता चाकाचा सूर चढला. आधी गिरणीसारखा, मग शिट्टीसारखा. मीटर बघितला: २६०, २८५, ३१०. डोक्यावरचा बल्ब पांढराफटक झाला आणि गेला. मुलगा माझ्या आधी उठला होता. त्याने डिफ्लेक्टरचा दांडा ओढला, तोटीपुढे पत्रा आडवा आला, पाण्याची धार चाकाला चुकवून भिंतीवर फुटली. अशा वेळी हात व्हॉल्व्हकडे जातो, आणि तेच करायचं नसतं. एवढ्या लांब पाइपातलं धावतं पाणी एकदम अडवलं तर त्याच्या धक्क्याने पाइप फाटतो. पोराला हे मी एकदाच सांगितलं होतं.

म्हणजे ओझं एकदम गेलं होतं. घरांतलं गेलं तर हीटर झेलतो. तेव्हा हीटरच गेला असणार. टॉर्च घेऊन केबलच्या मागोमाग चढत वर गेलो. पिंप गरम होतं, पण भिंतीवरचा हीटरचा एमसीबी खाली पाडलेला. आजी पडवीत अंथरूण घालत होत्या.

"आजी, हा खटका कुणी बंद केला?"

"मियां बंद केलंय. राती कोण न्हाता? उगाच पाणी उकळत ऱ्हवता. वीज फुकट जाता ती. आणि माजा अळू पण करपान गेला."

मी पायरीवर बसलो. सत्तरी उलटलेली बाई. रिकाम्या खोलीतला दिवा बंद करायचा, हे आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलेली. सकाळी पुन्हा खटका चालू करायची, त्यामुळे दिवसा मला काही सापडणं शक्यच नव्हतं. तीन दिवसांत या सात घरांत वीज वाचवली ती एकट्या त्यांनीच, आणि त्यातच अकरा बल्ब आणि एक टीव्ही गेला.

समजावायला मला शब्द सापडेनात. पाणी थांबत नाही, चाक थांबत नाही, वीज साठत नाही, कुणीतरी ती सतत खाल्ली पाहिजे... आजी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे जू सुटला काय बैल उधळतत, तसा?"

"अगदी तसंच."

"मगे ह्या आदी कित्याक नाय सांगलंस?"

याला उत्तर नव्हतं. माझ्या वहीत या कामाच्या पानावर लिहिलेलं आहे: 'गरम पाण्याचे नळ – नंतर'. वर्गणी संपत आली होती, म्हणून पाइप राहिला. आणि व्होल्टेज चढलं तर घरांची लाइन तोडणारा रिले मी लावलाच नाही, तोही खर्च वाचवायला. तो असता तर मशीन उधळलं असतं, पण टीव्ही वाचला असता.

दुसऱ्या दिवशी राहिलो. पिंपापासून आजींच्या आणि शेजारच्या न्हाणीपर्यंत पाइप टाकला, एमसीबी कुलपाच्या पेटीत घातला, रिले पुढच्या खेपेला स्वतःच्या खर्चाने बसवला. टीव्हीचे निम्मे पैसे मी दिले. घासाघीस झाली, नाही असं नाही.

फेब्रुवारीत मुलाचा फोन आला. व्हाळाचं पाणी उतरल्यावर त्याने एक तोटी बंद केली होती, आता दीड किलोवॉटही मिळत नाही म्हणाला. बाकी बरं चाललंय. फक्त संध्याकाळी आजी घरोघर फिरून लोकांना दिवे बंद करायला लावतात. कुणी जास्त दिवे लावले की त्यांचं आंघोळीचं पाणी कोमट येतं.