नागपूरचा रेल्वे अभ्यासदौरा: दोन दिवस, तीन गेज, बेताचा खर्च

रेल्वेत आणि मेट्रोत नव्यानं लागलेले जेई (ज्युनियर इंजिनिअर), टेक्निशियन, असिस्टंट लोको पायलट आणि डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची काही मुलं, असा 24 जणांचा गट धरून नागपूरचा दोन दिवसांचा दौरा आखला होता. त्याचा हा वृत्तांत. असाच दौरा काढणाऱ्यांना लागेल ती माहिती सोबत दिली आहे.

नागपूरच का, तर एका शहरात तीन गेज (दोन रुळांमधलं अंतर) बघायला मिळतात: मोतीबागेत 762 मिमीचं नॅरोगेज, अजनीला 1676 मिमीचं ब्रॉडगेज आणि मेट्रोचं 1435 मिमी. शिवाय मोतीबाग, गड्डीगोदाम, अजनी आणि खापरी ही सगळी ठिकाणं मेट्रोच्या ऑरेंज लाइनलगत येतात. त्यामुळे बस लागत नाही. अशा दौऱ्यात टाळता येण्यासारखा सगळ्यात मोठा खर्च बसचाच असतो. भाडं, चालकाचा भत्ता, पार्किंग हे सगळं आलंच, वर वर्धा रोडच्या रहदारीत सकाळचा एक तास जातो तो वेगळा.

पैशापेक्षा जास्त तयारी लागते परवानग्यांना, आणि पहिली ठेच तिथेच लागते. नागपुरात डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) कार्यालयं दोन आहेत: एक मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाचं, दुसरं दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाचं. विभागाचं नाव एक, शहर एक, झोन मात्र वेगळे. पाकिटावर नुसतं ‘विभागीय रेल्वे व्यवस्थापक, नागपूर’ लिहिलं की पत्र भलत्याच टेबलावर जाऊन पडतं आणि दोन आठवडे कुणाला पत्ता लागत नाही. झोनचं नाव पूर्ण लिहा. अजनी शेडसाठी (इथे विजेच्या इंजिनांची देखभाल होते) मध्य रेल्वे, नॅरोगेज संग्रहालय आणि मोतीबागेसाठी दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, मेट्रो डेपोसाठी महामेट्रो, अशी तीन स्वतंत्र पत्रं लागतात. एकाच पत्राच्या तीन प्रती काढून पाठवल्या तर प्रत्येक कार्यालय दुसऱ्याच्या मंजुरीची वाट बघत बसतं.

पत्र किमान 45 दिवस आधी गेलं पाहिजे, तेही संस्थेच्या किंवा नियंत्रक अधिकाऱ्याच्या लेटरहेडवर. भेटीचा उद्देश तीन-चार ओळींत लिहा. ‘शेड पाहणे’ एवढंच लिहिलं तर ती सहल ठरते. ‘तीन फेज इंजिनाच्या बोगीची आणि चाकांची देखभाल समजून घेणे’ असं लिहिलं (बोगी म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) की शेडवाल्यांना सोबत कोणता एसएसई (सीनियर सेक्शन इंजिनिअर) द्यायचा ते कळतं. जोडीला नाव, हुद्दा आणि ओळखपत्राच्या क्रमांकासह यादी, फोटो न काढण्याचं हमीपत्र, अपघाताची जबाबदारी गटाची असल्याचं हमीपत्र, आणि एकाऐवजी दोन पर्यायी तारखा. पत्राची प्रत आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दलाला) जाऊ द्या, नाहीतर वर मंजुरी असूनही गेटवर अर्धा तास जातो. यादी एकदा गेली की बदलायची नाही. शेवटच्या दिवशी ‘माझ्याऐवजी माझा मित्र येतोय’ हा प्रकार सर्रास होतो, आणि गेटवर एक नाव जुळलं नाही तर सगळा गट ताटकळतो.

आणखी एक मेख. 12000 अश्वशक्तीच्या डब्ल्यूएजी-12बी इंजिनांची देखभाल नागपुरात वेगळ्या डेपोत होते आणि तिथलं काम मधेपुऱ्याला ही इंजिनं बनवणाऱ्या कंपनीकडे आहे. शेडच्या परवानगीवर तो डेपो बघायला मिळेल असं गृहीत धरू नका. तिथलं पत्र वेगळं, आणि उत्तर येईलच असं नाही.

प्रवासाचं गणित गटात कोण आहे त्यावर ठरतं. डिप्लोमाच्या मुलांना संस्थेच्या फॉर्मवर शैक्षणिक दौऱ्यासाठी स्लीपर आणि सेकंड क्लासला 50 टक्के सवलत मिळते, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना 75 टक्के. ही तिकिटं काउंटरवरूनच काढायची. रेल्वेतल्या नव्या पोरांना पहिली पाच वर्षं वर्षाला एकच मोफत पास मिळतो. तो ते घरी जायला ठेवतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांनी पीटीओ (सवलतीच्या तिकिटाचा आदेश) काढावा, म्हणजे एक तृतीयांश भाड्यात काम होतं. दौरा प्रशिक्षण म्हणून मंजूर झाला तर ड्युटी पास (कामाच्या प्रवासाचा मोफत पास) मिळू शकतो, पण त्यासाठी अधिकाऱ्याची सही तिकिटं काढायच्या आधी हवी. मेट्रोतल्या मुलांना यातलं काहीच नाही, त्यांना पूर्ण भाडं पडतं. मग सगळ्यांकडून सारखीच वर्गणी घेतली की कुरबूर होते. रेल्वेभाडं ज्याचं त्यानं भरावं आणि सामाईक खर्चाची वर्गणी वेगळी ठेवावी.

एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणून 24 जणांचे चार पीएनआर होतात. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि शेडचं उत्तर तोवर आलेलं नसतं. तरी तिकिटं काढून ठेवा. रद्द करताना कापले जाणारे पैसे तत्काळच्या भुर्दंडापेक्षा कमीच असतात. मुंबईकडून येणाऱ्यांनी विदर्भऐवजी सेवाग्राम एक्सप्रेस घ्यावी. सेवाग्राम पहाटे पोचते, आंघोळ-नाश्ता उरकून साडेनऊला शेडच्या गेटवर उभं राहता येतं. विदर्भ बऱ्यापैकी उशिरा येते आणि थोडी जरी लेट झाली की पहिली भेट हातची गेली.

राहण्यासाठी स्थानकावरच्या रिटायरिंग रूमची डॉर्मिटरी सगळ्यात स्वस्त, पण ती कन्फर्म किंवा आरएसी पीएनआरवरच मिळते आणि 24 खाटा एकदम मिळणं अवघड. अर्धे तिथे आणि अर्धे गणेशपेठेतल्या लॉजवर अशी वाटणी केली तर चालतं. मेट्रो दोन्हीकडून जवळ आहे. स्थानकाच्या आणि अजनीच्या पुनर्विकासाची पायाभरणी 11 डिसेंबर 2022 ला झाली. कामामुळे जाण्यायेण्याच्या वाटा बदलत राहतात, म्हणून भेटायची जागा ‘स्थानकाबाहेर’ अशी मोघम सांगू नका. संत्रा मार्केटच्या बाजूचं मेट्रो स्टेशन ठरवून टाका.

पहिला दिवस अजनी शेडचा, आणि फक्त अजनी शेडचाच ठेवावा. सकाळी शेड, दुपारी संग्रहालय, संध्याकाळी मेट्रो डेपो असा बेत कागदावर छान दिसतो, पण प्रत्यक्षात हाती हजेरीपलीकडे काही लागत नाही. शेडमध्ये 24 जणांना एका माणसामागे फिरवलं तर मागच्या दहांना ऐकू येत नाही. कुठेतरी कॉम्प्रेसर चालूच असतो. बारा-बाराच्या दोन तुकड्या करा. एक पिटमध्ये (इंजिनाखालच्या खड्ड्यात) उतरते तेव्हा दुसरी व्हील सेक्शनला, मग दीड तासानं अदलाबदल. सेफ्टी बूट ज्याचे त्यानं आणायचे, हेल्मेट आणि चमकते जॅकेट शेड देईल का ते पत्रातच विचारायचं. 25 केव्हीच्या तारेखाली दोन मीटरचं अंतर हे सगळ्यांना पाठ असतं, तरी इंजिनाच्या छतावर चढायचा मोह होतोच. ओएचई (ही वरची विजेची तार) बंद करून अर्थिंग (तार जमिनीला जोडणं) केलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि सोबतच्या एसएसईनं सांगितल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही.

व्हील सेक्शनला वेळ हात आखडता न घेता द्या. डब्ल्यूएजी-9 या मालगाडीच्या इंजिनाचं नवं चाक 1092 मिमी व्यासाचं असतं आणि झिजून, लेथवर पुन्हा पुन्हा कापून ते 1016 पर्यंत वापरतात. प्रत्येकाच्या हातात टायर डिफेक्ट गेज (चाकाची झीज तपासायचं माप) द्यायला सांगा आणि एकाच चाकावर सगळी मापं घ्यायला लावा: फ्लँजची (चाकाच्या आतल्या बाजूच्या उंच कडेची) जाडी 16 मिमीपेक्षा कमी झाली तर पातळ फ्लँज, उंची 35 च्या वर गेली तर खोल फ्लँज, टोकाची त्रिज्या 5 पेक्षा कमी झाली तर धारदार फ्लँज, मुळाची त्रिज्या 13 पेक्षा कमी झाली किंवा टायर (चाकाचा रुळावर फिरणारा भाग) 5 मिमी पोकळ झाला तरी चाक नापास. पुस्तकात हे आकडे पाठ केलेली मुलं गेज पहिल्यांदा हातात घेतात तेव्हा बहुधा ते तिरकं धरतात आणि चांगलं चाक नापास करतात. गेज चाकाच्या आतल्या कडेला नीट टेकलेलं हवं आणि माप त्रिज्येच्या रेषेत घ्यायला हवं, हे शेडच्या टेक्निशियनकडून दाखवून घ्या. चाक सारखं कापावं लागण्याचं एक मोठं कारण हेच की फ्लँज झिजली की ती परत जाड करण्यासाठी सगळ्या टायरचंच मटेरियल उतरवावं लागतं. फ्लँजच्या दोन-चार मिमीसाठी व्यास कितीतरी जास्त घटतो. हे लेथसमोर उभं राहून बघितलं की फ्लँजला वंगण देण्याचं महत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही.

मजेची गोष्ट म्हणजे डब्ल्यूएजी-9 आणि 12बी यांची तुलना कागद-पेन घेऊन तिथल्या तिथे करता येते. 9 ला सहा धुरा (अ‍ॅक्सल), धुरेमागे साडेवीस टन, म्हणजे 123 टन. 12बी दोन जोडलेल्या भागांचं, आठ धुरा, प्रत्येकीवर साडेबावीस, म्हणजे 180 टन. अश्वशक्ती दुप्पट झाली, वजन मात्र दीडपटच्या आसपास. मग रुळावरची पकड कुठून आली, हा प्रश्न मुलांवर सोडून द्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडबी चौक. मेट्रोतून उतरलं की मोतीबागेचं नॅरोगेज रेल संग्रहालय जवळच आहे. ते 2002 च्या डिसेंबरात सुरू झालं. सोमवार टाळा आणि वेळ आधी फोन करून विचारा. इथे वाफेची इंजिनं पाहून मुलं सेल्फी काढून मोकळी होतात. तसं होऊ द्यायचं नसेल तर आदल्या दिवशीचीच मापं इथेही घ्यायला लावा: चाकाचा व्यास, कपलरची (डबे जोडणाऱ्या भागाची) उंची, बफरची (धक्का झेलणाऱ्या भागाची) जागा. बंगाल नागपूर रेल्वेचं सातपुड्यातलं नॅरोगेज जाळं माहीत नसेल तर ही इंजिनं नुसती खेळणी वाटतात. निघण्यापूर्वी गोंदिया-नैनपूर-जबलपूरचा जुना नकाशा दाखवून ठेवा.

तिथून एक स्टेशन पुढे गड्डीगोदाम. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो असे चार मजले इथे एकावर एक आहेत. बाजूच्या फुटपाथवर वीस मिनिटं थांबलं तरी भरपूर. चालू मार्गावर लोखंडी गर्डर चढवायचा तर रेल्वेचा ट्रॅफिक ब्लॉक (ठरावीक वेळ गाड्या थांबवणं) आणि ओएचईचा पॉवर ब्लॉक (तारेतली वीज बंद करणं) दोन्ही लागतात, आणि ब्लॉकमध्ये काम उरकलं नाही तर काय होतं, ही चर्चा तिथे उभं राहून करण्यात अर्थ आहे.

डायमंड क्रॉसिंगचा आग्रह प्रत्येक गटात होतो. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई मार्ग जिथे एकमेकांना छेदतात ते हे ठिकाण, स्थानकाच्या उत्तरेला संप्रीती नगरजवळ. रुळात उतरायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे आणि रेल्वेचं ओळखपत्र दाखवून तो माफ होत नाही. बाहेरच्या रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढं बघा, त्यापेक्षा कान द्या. साध्या सांध्यात, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, चाक विंग रेलवरून (बाजूच्या वळवलेल्या रुळावरून) हळूहळू नोजवर (छेदाच्या टोकावर) सरकतं, त्याला आधार सुटत नाही. छेदाचा कोन काटकोनाकडे गेला की फ्लँजसाठी ठेवलेली खाच चाकाला सरळ ओलांडावी लागते, आधार क्षणभर सुटतो आणि चाक पलीकडच्या कडेवर आपटतं. तो ठोका म्हणजेच तिथल्या झिजेचं आणि वेगमर्यादेचं कारण.

दुपारी खापरीकडे, मिहान डेपो. मेट्रोलाही ओव्हरहेड तारेतून 25 केव्हीच मिळतात, म्हणून पॅन्टोग्राफची (छतावरून तारेला टेकणाऱ्या सांगाड्याची) तुलना अजनीशी थेट करता येते. सिग्नलिंग मात्र सीबीटीसी (गाडीशी रेडिओवरून सतत संपर्क ठेवणारं), त्यामुळे ब्लॉक सेक्शन (एका वेळी एकच गाडी सोडायचा ठरावीक टप्पा) शिकून आलेल्यांचे प्रश्न इथे सगळ्यात जास्त. डेपोत फोनला बंदी असू शकते, म्हणून वही-पेन आधीच सांगून ठेवा.

खाण्यावर कंजूषी नको, पण सावजी दुसऱ्या दिवशी रात्री, परतीच्या गाडीआधी पुरेसा वेळ ठेवून. पहिल्या दिवशी सावजीवर ताव मारला तर सकाळी गटातले दोघे-तिघे लॉजवरच राहतात. सकाळी तर्री-पोहे, दुपारी साधी थाळी. माणशी दिवसाला 400 रुपये धरावेत. मेट्रोला दिवसाचे 100 धरले तरी उरतात. गटाचा अपघात विमा वेगळा घ्या, तिकिटासोबतचा विमा फक्त गाडीतला असतो. एकूण सामाईक खर्चावर दहा टक्के राखीव ठेवावेत, त्यातले निम्मे रिक्षांवरच जातात.

तारखा ठरवताना चार काळ टाळा. डिसेंबरात विधानसभेचं हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा लॉज महाग होतात आणि खोल्या मिळत नाहीत. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीसाठी जादा गाड्या आणि अफाट गर्दी, स्थानकावरच्या कुणालाही पाहुण्यांकडे बघायला फुरसत नसते. मार्चअखेर माल लोडिंगच्या आकड्यांची धावपळ. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि दुपारी पिटमध्ये उभं राहवत नाही. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी उत्तम.

शेडमध्ये आदल्या दिवशी एखादा अपघात किंवा मोठा बिघाड झाला तर भेट रद्द होते आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. अशा वेळी दुसऱ्या दिवसाचा संग्रहालय आणि गड्डीगोदामचा भाग पहिल्या दिवशी घ्या आणि शेडला दुसऱ्या दिवशीची सकाळ मागा. पत्रात दोन तारखा लिहिलेल्या असतील तर बहुतेक वेळा जमतं. मेट्रो डेपोची वेळ त्यामुळे हलवावी लागली तर ते त्यांना रात्रीच कळवा. परतल्यावर पंधरा दिवसांत चार पानांचा अहवाल तिन्ही कार्यालयांना पाठवा, घेतलेल्या मापांच्या तक्त्यासकट. पुढच्या गटाचं पत्र गेलं की फाइलमध्ये आधी तोच उघडला जातो.