‘कास्कारा’ इंग्रजीत नेताना: माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात एका दक्षिण अमेरिकी पुरवठादाराचा कॅटलॉग स्पॅनिशमधून इंग्रजीत करायचं काम आलं. सगळा कोरडा माल: पावडरी, काढ्याची सामग्री, थोडं पशुखाद्य. जवळजवळ प्रत्येक पानावर ‘कास्कारा दे’ आणि पुढे कशाचं तरी नाव. भाषा अगदी सोपी, पण निम्मा वेळ या एका शब्दाने खाल्ला.

कोशात शेल, पील, रिंड, हस्क असे अर्थ स्वल्पविराम देऊन मांडलेले असतात. कुठला कधी, ते कोश सांगत नाही. म्हणून मी आधी ‘दे’च्या पुढची नामं तेवढी वेगळी काढली. अंडं, अक्रोड: शेल. लिंबू, केळं: पील. कलिंगडाची जाड असते, म्हणून रिंड. भाताला हस्क आणि हल दोन्ही चालतात. मी हस्क धरून तोच शेवटपर्यंत ठेवला. इथवर मराठीनेच निभावलं. अंड्याचं कवच, भाताचं तूस, शेंगांची (लोकमान्यांच्या गोष्टीने अजरामर केलेली) टरफलं. नावं आपल्याकडेही वेगवेगळीच. ‘साल’ तेवढी जपून वापरावी लागते. केळ्याचीही सालच आणि बाभळीचीही, पण इंग्रजीत एक पील, दुसरी बार्क.

खरा घोळ नारळाने घातला. ‘कास्कारा दे कोको’ म्हणजे सोडणं की करवंटी? कोकणातलं शेंबडं पोरही या दोन्हींत गल्लत करणार नाही, स्पॅनिश मात्र दोन्हीला कास्कारा म्हणते. एका ओळीत पुढे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा उल्लेख होता. तो करवंटीपासून करतात, म्हणजे शेल. दुसऱ्या ओळीतला माल रोपवाटिकेत ओल धरून ठेवण्यासाठी होता, म्हणजे सोडणं, म्हणजे हस्क.

कोकोच्या (नारळ नव्हे, चॉकलेटवाला कोको) ओळीत उपयोगच दिलेला नव्हता. कोकोच्या फळाला बाहेरून जाड कवच असतं आणि आतल्या प्रत्येक बीवर पातळ टरफल. ते बी भाजल्यावर सुटतं आणि चहासारखं उकळून पितात. दोन्ही कास्काराच! इथे तर्क लढवण्यात अर्थ नव्हता, सरळ मालाचा फोटो मागितला. आठवणीची मेल पाठवल्यावर तो आला: पातळ, तपकिरी चुरा. कोको शेल लिहून मोकळा झालो.

‘कास्कारा साग्रादा’ला हात लावला नाही. ही उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या एका झाडाची रेचक साल, आणि इंग्रजीत तिचं नाव तेच. अमेरिकेच्या एफडीएने २००२ साली चिठ्ठीविना मिळणाऱ्या रेचकांतून ती बाद केली, हे मात्र पुरवठादाराला कळवलं. कॉफीच्या फळाची वाळवलेली सालही इंग्रजी बाजारात कास्कारा म्हणूनच विकली जाते, त्यामुळे दोन्ही नोंदींशेजारी वनस्पतीचं शास्त्रीय नाव घालून घेतलं.

‘कास्कारा दे प्सिलियो’ वाचून हसू आलं. ही तर आपली इसबगोलाची भुशी! जगभरात जाणारा इसबगोल मोठ्या प्रमाणात गुजरात-राजस्थानातला, तेव्हा हा मालही बहुधा इथूनच गेलेला. सिलियम हस्क.

बिल नेहमीप्रमाणे शब्दांवर झालं. कोकोच्या कास्काराला लिंबाच्या कास्काराइतकाच दर मिळाला.